जुन्या तांबड्या वारुणीसाठी वाई ते वानवडी

पुण्याला जायचं ठरलं ते एका निरोपावर. मार्गशीर्षातल्या एका सकाळी जासूद माझ्या दुकानाशी थांबला, तांब्याभर पाणी प्यायला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं : "वानवडीच्या लोरेन्सोसाहेबांनी सांगितलंय, नाक घेऊन ये, लवकर ये, जुनी तांबडी उघडायची आहे." मग स्वतःच्या मनाने पुढे म्हणाला, "नाक घेऊन ये म्हणजे काय हो? बाकीचं घरी ठेवायचं का?"

त्याला उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतो.

वाईला घाटाजवळ माझं आसवं, अरिष्टं आणि अत्तरांचं दुकान आहे. वैद्यकी आमच्या घराण्यात नाही. वडील कापड विकत. जे शिकलो ते रांजणांवर वाकून, वासावर शिकलो. द्राक्षासवाचा रांजण उघडला की तो किती मुरला, मनुका काबुली होत्या की दुसऱ्या, हे मी न चाखता सांगतो आणि ते चुकत नाही. शिकलेले वैद्य मला नावं ठेवतात आणि माल माझ्याकडूनच नेतात.

लोरेन्सो हा इताली देशचा गोलंदाज. सरकारी तोफखान्यात त्याची उमर गेली. फार मागे पोटाच्या दुखण्यासाठी तो वाईला आला, माझं सर्वांत जुनं द्राक्षासव हुंगलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "चांगलं आहे. साखर मारते याला." मी त्याला दुकानातून घालवून दिला. मग दोन रात्री त्या आसवापाशी बसलो. गूळ खरंच जास्त होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या बिऱ्हाडी जाऊन तसं सांगितलं, आणि तिथून आमची सोयरीक जमली. दर हिवाळ्यात मी पुण्याला जातो, तो गोव्याकडून आलेलं काहीबाही उघडतो, आणि आम्ही दोघं हुंगत, भांडत बसतो. बायको गेल्यापासून, आणि मुलगी साताऱ्याला नांदायला गेल्यापासून, वासाविषयी माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस. पण गेल्या साली मोठ्या तापातून तो उठला तो नाक गमावून. बारुदीच्या धुराने अर्धं नेलं होतंच, उरलेलं तापाने नेलं.

वाटेची माहिती आधी देतो, म्हणजे कोणी निघणार असेल त्याच्या उपयोगी पडेल. तट्टू वाईतूनच ठरवावं. खंबाटकीच्या पायथ्याशी जे मिळतात त्यांना घाट चढायचा कंटाळा असतो. खंबाटकी उन्हं चढायच्या आत उतरावी. शिरवळला धर्मशाळा बरी आहे. उतरायला काही पडत नाही, सरपण मात्र विकत घ्यावं लागतं आणि ते ओलं देतात. तिथे एक बाई पिठलं-भाकरी करून घालते. पिठलं उत्तम, पण तिला कांदा कमी घालायला सांगितलं तर ती अजिबात घालत नाही. मला ते सोयीचंच होतं, कारण वारुणी चाखायच्या आधी मी काही दिवस कांदा, लसूण, विडा, तंबाखू सगळं सोडतो. नीरेला या दिवसांत मांडीभर पाणी असतं, तट्टू आपणहून पार होतं.

दुसऱ्या दिवशी कात्रजचा घाट. या घाटाच्या माथ्यावरून पर्वती दिसली की सोबतचे लोक हात जोडतात आणि एकमेकांना दाखवतात. मला सोबत नव्हती. मी तट्टाला दाखवली. खाली तलावाशी पाणी पिऊन घ्यावं. हेच पाणी पुढे नळांनी शहरातल्या हौदांत जातं, पण इथे त्याला चव आहे, शहरात पोहोचेपर्यंत उरत नाही.

घाट उतरल्यावर जकातीची चौकी लागली. कारकुनाने माझ्या बुधल्याकडे बोट केलं. "यात काय?"

"द्राक्षासव. औषध आहे."

"इथून जाणारं सगळं औषधच असतं," तो म्हणाला. "अख्खं पुणं आजारी आहे." त्याने बूच काढून हुंगलं, एक घोट घेतला, डोळे मिटले, जकात घेतली आणि खोकल्यासाठी म्हणून अर्धी वाटी ओतून घेतली. खोकला त्याने त्यानंतर काढून दाखवला.

शहरात दारूबंदीचा हुकूम कडक आहे. तोफखान्यातल्या फिरंग्यांना तेवढी त्यांच्यापुरती मोकळीक, तीही शहराबाहेर. म्हणून मी सदाशिव पेठेत उतरतो आणि वानवडीला चालत जातो. सदाशिव पेठेत एका भिक्षुकबोवांची ओसरी भाड्याने मिळते. हौद जवळ, जागा स्वच्छ, भाडं आगाऊ. बोवांना मी विनंती केली, की सकाळी धूप जरा माजघरात लावावा, माझ्या नाकाला उद्या विसावा हवा आहे.

"पोटाला उपास असतो हे ठाऊक होतं," बोवा म्हणाले. "नाकाला असतो हे आज कळलं. पारणं कशाने सोडणार?"

"एका स्नेह्याकडे जायचंय, वानवडीला."

"वानवडीला," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दावरून त्यांना सगळं समजलं. "मग परत आल्यावर ओसरीच्या या टोकाला निजा. त्या टोकाला देवघर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. भवानी पेठेतून पुढे मोकळं रान लागतं. मग तंबू, राहुट्या, हत्तींचा आणि घोड्यांचा वास. लोरेन्सोचं घर छावणीच्या कडेला, मातीच्या भिंतींचं, कौलारू. दारातच सखूबाई भेटली. ही वानवडीचीच, त्याचं घर आणि चूल सांभाळणारी, जिभेने तिखट.

"आलासा?" ती म्हणाली. "बगा जरा आत जाऊन. चार दिस झालं, साहेब गाठोडी बांधत्यात अन् सोडत्यात. म्या ईचारलं तर म्हनत्यात, आबाजी येऊन सांगंल. तुमी काय जोशी हाय का?"

आत खरोखरच गाठोडी होती. लोरेन्सो त्यांच्यामध्ये खाटेवर बसला होता. मोठा बांधा, पण आत माणूस कमी झालेला. वर्षभरात त्याचे हात थरथरायला लागले होते. तो सर्वांना तू म्हणतो, सरदारांनाही, त्यामुळे कोणाला राग येत नाही.

"आबाजी, नोकरी संपली," तो म्हणाला. "उद्या एक तांडा पनवेलला जातो. तिथून मुंबई, मग जहाज. तांड्याच्या नाईकाला आज दिवेलागणीच्या आत सांगायचं, येतो की नाही."

"आणि माझ्या नाकाचं काय काम?"

तेव्हा त्याने सांगितलं. तरुणपणी घर सोडताना बापाने त्याला आपल्या मळ्यातल्या तांबड्या वारुणीच्या बाटल्या दिल्या होत्या. पिएमोंते नावाचा डोंगरपायथ्याचा मुलूख, तिथे धुकं पडायला लागल्यावर उतरणारी द्राक्षं. काही बाटल्या वाटेत फुटल्या, काही लढायांनंतर प्यायल्या गेल्या. आता तीन उरल्या. बाप केव्हाच गेला, मळा विकला गेला, एक धाकटा भाऊ असलाच तर आहे. "एक उघडू," तो म्हणाला. "जिवंत असेल तर उरलेल्या दोन घेऊन जातो, भावाच्या टेबलावर ठेवतो. मेली असेल तर मी इथेच. रिकाम्या हाताने घरी जायचं वय गेलं माझं. मला वास येत नाही. तू सांगशील ते खरं."

मी हे ऐकलं आणि मनात जे आलं ते लिहितो : मेलेली असू दे.

पण नाकाला मनातलं सांगत नाही मी. ते काम वेगळं.

त्या बाटल्या त्याने घराच्या मागे धान्यासाठी असतं तसं पेव खणून त्यात, वाळूत, आडव्या निजवून ठेवल्या होत्या. आडव्या का, तर बूच ओलं राहावं; सुकलं की आकसतं आणि वारा आत शिरतो. यावर आमचं फार मागे भांडण झालं होतं, कारण मी रांजण आडवा ठेवत नाही. असो. बाटली मी स्वतः वर आणली, न हलवता, कुशीवर घेतल्यासारखी. घरात येऊन ती हळूहळू उभी केली आणि गाळ तळाशी बसू दिला. बूच अर्धं आलं, अर्ध्याचा चुरा झाला. बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून काचेच्या प्याल्यात बोटभर ओतली. माझं चांदीचं फुलपात्र होतं, पण रंग पाहायला काच हवी.

रंग सुरेख. मध्ये माणकाचा, काठाशी विटकरीकडे झुकलेला. जुनी वारुणी काठावर आपलं वय सांगते. मग प्याला नाकाशी नेला.

ओल्या पेवाचा वास. बंद खोलीचा, जुन्या मोटेच्या कातड्याचा. त्यामागे काहीच नाही. पुन्हा घेतला, तेच. जिभेवर आंबट आणि तुरट, नुसती हाडं.

आमच्या धंद्यात रांजणाचं तोंड उघडल्याबरोबर जो पहिला वास येतो तोच निकाल. उघडा राहिला की माल संध्याकाळपर्यंत आंबतो, मग तुम्ही मालाला नव्हे, वाऱ्याला हुंगत असता. हा नियम मी स्वतः घालून घेतला आहे आणि त्याने मला कधी फसवलं नव्हतं.

"गेली," मी म्हटलं.

लोरेन्सोने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग उठला, एका गाठोड्याची गाठ सोडली, त्यातला लाल कोट काढला आणि खुंटीला अडकवला. "सखूबाई," त्याने हाक मारली, "कोंबडी काप. मी कुठे जात नाही."

सखूबाईने कोंबडी कापली. तिचं कालवण म्हणजे भाजलेलं खोबरं, बाजरीची भाकरी, वर लिंबू. नाकाचं व्रत मी तिथेच सोडलं. आम्ही तिघंही फार बोललो. लोरेन्सो म्हणाला, पेवात आता माझं आसव ठेवू. मी म्हटलं, आडवं ठेवणार असशील तर नको. तो खूप हसला. मी पुढच्या हिवाळ्याचे बेत केले. वाईहून मनुका आणायच्या, इथेच एक रांजण घालायचा. कित्येक वर्षांत मी एवढा जेवलो नव्हतो. जेवणानंतर लोरेन्सो कलंडला. उठलो की नाईकाला येत नाही म्हणून सांगून येतो, असं म्हणाला.

तो घोरायला लागला तेव्हा मी प्याला विसळावा म्हणून खिडकीतून उचलला. बोटभर वारुणी तशीच होती. ओतायच्या आधी हुंगायची माझी सवय आहे, पाणीसुद्धा हुंगतो.

गुलाब.

मी पुन्हा हुंगलं. ताजा गुलाब नव्हे. देवावरून उतरवलेला, निर्माल्याच्या टोपलीत वाळायला लागलेला. प्याला जरासा फिरवला तर त्यामागून आलुबुखार आला, सुका, साल सुरकुतलेला. मग नावेच्या बुडाला फासतात त्या राळेचा काळा वास, मग तंबाखूचं पान, आणि सर्वांच्या तळाशी आमच्या डोंगरातल्या हिरड्याची पूड. ओल्या पेवाचा मागमूस नव्हता. एक घोट घेतला. तुरटपणा सकाळचाच होता, पण हाडांवर आता मांस चढलं होतं. गिळल्यावरही चव जाईना. सखूबाईने सगळी ताटं घासून पालथी घातली तोवर ती जिभेवर होती.

ती मेलेली नव्हती. एवढी वर्षं बुचाखाली श्वास कोंडून होती. तिला वारा हवा होता. माझ्या रांजणांना जो वारा मारतो, त्यानेच तिला उठवलं होतं. आणि लोरेन्सोला तरी कुठून ठाऊक असणार? पोरवयात घर सोडलेला माणूस. छावणीत बाटली उघडली की संपते, थांबतो कोण?

"काय वं," सखूबाई मागून म्हणाली, "मेल्याली हाय म्हनला न्हवं? मग पिताय कशापायी?"

"मेलेली वाटली होती."

तिने ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मग खाटेवर घोरणाऱ्या साहेबाकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. या घराची चूल पेटती राहायची की विझायची, ते त्या बोटभर पाण्यावर होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

"त्यास्नी तर वासच येत न्हाई," ती हळू म्हणाली.

"नाही."

"अन् म्या बी काय ऐकलं न्हाई." एवढं बोलून ती भांडी घेऊन परसात गेली.

मी प्याला धरून बसून राहिलो. जगात कोणालाही कळलं नसतं. बाटली सांडून द्यायची, पुढच्या हिवाळ्यात यायचं, भांडायचं, हुंगायचं. मला माझा माणूस मिळाला असता. फक्त त्याच्यासमोर बसून मी जो जो वास सांगितला असता, तो खरा की सोयीचा, हे मला स्वतःलाच ठरवता आलं नसतं. नाक एकदा खोटं बोललं की ते नाक राहत नाही, तोंड होतं.

लोरेन्सो उठला, जोडे चढवले आणि तट्टावर खोगीर कसायला अंगणात गेला. मी मागोमाग गेलो.

"थांब," मी म्हटलं. "ती जिवंत आहे. मी चुकलो."

"तू चुकतोस?" त्याला आधी या गोष्टीचंच नवल वाटलं. मग त्याने प्याला घेतला, नाक आत खुपसलं, डोळे मिटले, आणि प्याला परत माझ्या हातात दिला. "काही नाही. तू बोल."

मी बोललो. एकेक वास, ज्या ओळीने आला त्या ओळीने. गुलाबाशी त्याने मला थांबवलं. "कोणता? झाडावरचा?"

"नाही. निर्माल्यातला. दुसऱ्या दिवशीचा."

"पुढे."

"आलुबुखार. मग राळ. नावेला लावतात ती."

"राळ!" तो एकदम ओरडला, तट्टू बिचकलं. "राळ म्हटलं की बाप शेजाऱ्यांवर चिडायचा! सगळे म्हणायचे, तुझ्या वारुणीत राळ आहे, आणि तो काठी घेऊन धावायचा." तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "तीच आहे, आबाजी. तीच."

जरा वेळाने तो म्हणाला, "बोलला नसतास तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं," मी म्हटलं.

नाईकाकडे तो गेला, पण दुसरा निरोप घेऊन. उरलेली बाटली आम्ही उन्हं उतरेपर्यंत संपवली. दर प्याला आधीच्याहून खुलत गेला, आणि शेवटचा सर्वांत चांगला होता. सखूबाईलाही थोडी दिली. तिने एक घोट घेऊन तोंड आवळलं. "हिच्यापायी चाललंय व्हय मानूस?" ती म्हणाली, आणि आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली.

सकाळी तांडा निघाला. दोन बाटल्या मी स्वतः कापसात गुंडाळून, वाळूच्या पेटीत आडव्या निजवल्या. "उघडलीस की आधी सगळं जेवण होऊ दे," मी त्याला बजावलं. "घाई केलीस तर मेलेली वाटेल."

"हुंगणार कोण?"

"भाऊ आहे ना?"

"असेल तर," तो म्हणाला. मग माझे दोन्ही खांदे धरून त्याच्या देशच्या रिवाजाप्रमाणे माझ्या गालाला गाल लावला. छावणीतले लोक पाहत होते. पाहू दे. तांडा बोरघाटाच्या रस्त्याला लागला. सखूबाई वेशीपर्यंत पेटीमागून गेली. परतताना मला एवढंच म्हणाली, "म्या बी सांगितलंच असतं. पन दोन दिसांनी."

बोवांच्या ओसरीवरून सामान उचलताना त्यांनी विचारलं, "झालं पारणं?"

"झालं."

"तोंडावरून वाटत नाही," ते म्हणाले, आणि उरलेल्या दिवसाचं भाडं परत केलं नाही.

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. कात्रजच्या कारकुनाला खोकला होता. शिरवळला सरपण ओलं होतं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच : मुरलेली तांबडी वारुणी उघडल्या उघडल्या तिच्याविषयी मत देऊ नका. तिला अर्धा दिवस द्या. माझा नियम आसवाला खरा आहे, तिला नाही. आणि शक्य असेल तर सोबत कोणाला तरी घ्या. रस्त्यासाठी म्हणत नाही. रस्ता सोपा आहे.

फाल्गुनात मी दुकानातला सर्वांत जुना रांजण उघडला. हल्ली सवय म्हणून वाटीभर काढून फळीवर ठेवतो आणि दुपारपर्यंत हात लावत नाही. त्या दिवशी ऊन कलल्यावर वाटी नाकाशी नेली आणि आसवातून एक वास आला, जो मी आजवर कधी थांबलो नव्हतो म्हणून मला कधी भेटला नव्हता. वाळत्या चंदनाचा, त्यामागे बकुळीचा. मी तो सांगायला लागलो. मोठ्याने, ओळीने, आधी फूल, मग लाकूड, मग तळाचा तुरटपणा.

शेजारचा कासार दारातून डोकावला. "कोणाशी बोलताय, आबाजी?"

"गिऱ्हाइकाशी," मी म्हटलं.

त्याने रिकामं दुकान एकदा नीट पाहून घेतलं, आणि आपल्या दुकानात गेला.